भाव मिळेपर्यंत माणूस टिकला पाहिजे



मनाच्या आजाराचा विषय निघाला की आपल्या बैठकीत कुरकुर होते. ती मला समजते. शेतकरी गेला की दारू, घरचे भांडण, डोक्यावर परिणाम अशी कारणे कागदावर लिहून मोकळे व्हायचे, हा डाव आपण पाहिलेला आहे. कापसाच्या भावाचे आणि कर्जाचे नावच नको! म्हणून 'मन' म्हटले की आपण सावध होतो.

तरीही मी हा विषय काढतो आहे. धोरणाने केलेली जखम चिघळते ती माणसाच्या आतच. आणि ज्याचे मन खचले तो बँकेत जात नाही, पंचनाम्याला हजर राहत नाही, बैठकीला येत नाही. लढणारा माणूसच घरात तोंड झाकून पडला, तर भाव मागणार कोण?

पीक गेले की वाईट वाटणारच. त्याला आजार म्हणत नाहीत. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ रोजच मन उदास, पहाटेच जाग, भाकरी गोड लागत नाही, अंगात त्राण नाही, बैलाकडेही बघवत नाही, आपण घरावर ओझे आहोत असे वाटते, जगू नये असे विचार येतात. यातले बरेच एकदम दिसू लागले तर ते नैराश्य असू शकते. हे वेड नव्हे, नामर्दपणाही नव्हे. अशा माणसाला 'मन घट्ट कर' म्हणणे म्हणजे तापाने फणफणलेल्याला 'ताप उतरव' म्हणण्यासारखे आहे. मायबहिणींना तर हे कोणी विचारतही नाही. त्यांचे दुखणे 'अशक्तपणा' म्हणून गोळ्यांवर निघते.

कोणी म्हणेल, बोलून का कर्ज फिटते? नाही फिटत. पण समुपदेशन म्हणजे गोड उपदेश नव्हे. मन खचले की माणूस काम सोडतो, माणसे टाळतो. त्यामुळे मन आणखी खचते. समुपदेशक हे चक्र तोडायला मदत करतो. दिवस कसा जातो ते विचारतो, झेपेल असे एकच काम ठरवून देतो. संध्याकाळी बांधावर चक्कर मारणे किंवा एखाद्या मित्राकडे जाणे, एवढेच. पुढच्या भेटीला काय जमले, काय अडले ते पाहतो. डोंगराएवढ्या कर्जाचेही तुकडे करायला लावतो: बँकेचे किती, सावकाराचे किती, आधी कोणाशी बोलायचे.

याचा अनुभव आहे. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत हेच केले. २०१७ साली निकाल छापून आले. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी शंभरात ६४ जण नैराश्यातून बाहेर आले होते. न मिळालेल्यांपैकी ३९. आपल्या अमरावती जिल्ह्यात ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. तिथे नैराश्य असलेल्या शंभरांपैकी आधी जेमतेम चार जण मदत घेत होते. दीड वर्षाने सत्तावीस. म्हणजे दार उघडले तर कास्तकार बोलतो! आजार जास्त असेल तर औषधही लागते. त्यात लाज कसली?

म्हणून गावोगावच्या कार्यकर्त्यांना माझे सांगणे आहे. जो बैठकीला यायचा थांबला, त्याच्या घरी जा. सल्ला देऊ नका, ऐकून घ्या. जीव द्यावासा वाटतो का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मन हलके होते. होय म्हणाला तर त्याला एकटे सोडू नका, दवाखान्यात घेऊन जा. फवारणीचे औषध घराबाहेर, कुलपात ठेवा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी फोन २०२२ पासून सुरू आहे. फुकट, रात्रंदिवस, मराठीत. तो नंबर पारावर लिहून ठेवा.

सरकारने प्रत्येक आरोग्य केंद्रात समुपदेशक द्यावा, ही मागणीही आपल्या यादीत घाला. मात्र ती भावाच्या मागणीच्या जागी नको, तिच्या शेजारी हवी. भाव तर घ्यायचाच आहे. तो घ्यायला आपला माणूस जिवंत पाहिजे.