बावड्याच्या शाळा आणि मंडळाची भूमिका



पाडव्याचा अंक म्हणजे शुभेच्छांचा अंक. त्या आहेतच. पण गेले दोन महिने व्हर्जिनियातल्या आपल्या मंडळात जो वाद धुमसतो आहे, त्याबद्दल कार्यकारिणीने गप्प बसणं सभासदांवर अन्याय करणारं ठरेल.

कोल्हापूर महापालिकेसाठी १५ जानेवारीला मतदान झालं. त्याआधीच्या शनिवारी, आपल्याकडे रात्र आणि गावाकडे रविवारची सकाळ असताना, मंडळाने कसबा बावड्यातल्या मतदारांशी ऑनलाइन संवाद ठेवला होता. विषय एकच होता, महापालिकेच्या शाळा. काही सभासदांचा आग्रह होता की एका गटाच्या उमेदवारांना बोलवा. दुसऱ्या बाजूने लगेच मागणी आली की मग आमचेही बोलवा. आणि काहींनी स्पष्टच विचारलं, व्हर्जिनियात बसून बावड्याच्या निवडणुकीत आपण कशाला पडायचं?

कार्यकारिणीने एकाही उमेदवाराला बोलावलं नाही. पालक आणि निवृत्त शिक्षक बोलले. या निर्णयावर आम्ही आजही ठाम आहोत आणि त्याची कारणं सांगायला हवीत.

पाटील आणि महाडिक या दोन राजकीय गटांचा विषय बावड्याच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. २०२३ साली राजाराम साखर कारखान्याच्या निवडणुकीतही हीच दोन घराणी समोरासमोर होती. दोन्हीकडची माणसं आपल्या मंडळात आहेत, एकाच पंगतीला बसतात, एकमेकांच्या मुलांना विमानतळावर आणायला जातात. कुणाच्याही निष्ठेबद्दल आम्हाला काही म्हणायचं नाही. पण आपलं मंडळ ५०१ (सी) (३) कलमाखाली नोंदलेलं आहे आणि अशा संस्थेला कुठल्याही उमेदवाराचा प्रचार करता येत नाही. इथल्या काउंटीच्या निवडणुकीत आपण हे काटेकोर पाळतो, मग गावाकडच्या निवडणुकीला वेगळा नियम कसा लावणार? शिवाय भारतातल्या २०१० च्या परकीय योगदान कायद्याने उमेदवाराला परकीय स्रोताकडून पैसा घ्यायला बंदी आहे. 'अमक्यांच्या प्रचाराला थोडी मदत करू' असे निरोप ज्यांनी ग्रुपवर टाकले, त्यांनी हे ध्यानात घ्यावं.

मग कशाला पडायचं, या प्रश्नाचं उत्तर. महापालिकेची मागची निवडणूक २०१५ ची. त्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि तेव्हापासून प्रशासकाचा कारभार होता. प्रभागरचना आणि ओबीसी आरक्षणाचे वाद कोर्टात अडकले. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये आदेश दिला तेव्हा गाडं हललं. पाच वर्षांहून अधिक काळ शाळेच्या गळक्या छपराची तक्रार घेऊन जायला पालकाला नगरसेवकच नव्हता. आता ८१ नगरसेवक निवडून आले आहेत. महापालिकेच्या शाळा ज्या प्राथमिक शिक्षण समितीच्या हाताखाली चालतात, तिच्या कामाचा जाब विचारणं हे त्यांचं काम आहे. आपल्यापैकी कित्येकांची अक्षरओळख याच शाळांत झाली, त्यामुळे त्यांची विचारपूस करणं ही लुडबूड ठरत नाही.

त्या ऑनलाइन संवादात जे ऐकलं त्यातलं एक इथे सांगतो. बावड्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेने सांगितलं की शिष्यवृत्ती परीक्षेचे जादा वर्ग शाळा सुटल्यावर भरतात, आणि हुशार असूनही काही मुली त्या वेळी घरी जातात. आई कामावरून परतेपर्यंत धाकट्या भावाला सांभाळायचं असतं. शिष्यवृत्तीच्या यादीत त्यांचं नाव येत नाही, बक्षीस समारंभात त्या दिसत नाहीत आणि त्यांच्याबद्दल कुणी विचारतही नाही. दुसऱ्या टोकाला जरगनगरची शाळा आहे. तीही महापालिकेचीच. तिथल्या पहिलीच्या प्रवेशासाठी पालक पाडव्याच्या आदल्या रात्री सतरंज्या, पाण्याच्या बाटल्या घेऊन रांग लावतात. सरकारी शाळेसाठी अशी रांग लागते, ही कोल्हापूरची अभिमानाची गोष्ट आहे. पण ज्याच्या बापाला रात्रपाळी आहे, त्याच्या पोराचा नंबर कसा लागणार?

दुसरा वाद यातूनच उभा राहिला. मंडळाचा शिक्षणनिधी आजवर फक्त शिष्यवृत्तीच्या यादीतल्या मुलांना बक्षीस म्हणून जात असे. यंदापासून निम्मी रक्कम तशीच राहील आणि निम्मी मागे पडणाऱ्या मुलांच्या जादा वर्गांसाठी, शक्य तिथे शाळेच्याच वेळेत, दिली जाईल. काही देणगीदार नाराज आहेत. गुणवत्तेची कदर संपली, असं त्यांना वाटतं. त्यांच्या भावनेचा आम्ही आदर करतो.

हाच वाद आपण इथे फेअरफॅक्समध्येही घातला आहे. थॉमस जेफरसन हायस्कूलची प्रवेश परीक्षा २०२० मध्ये बंद झाली आणि प्रत्येक सरकारी मिडल स्कूलला आठवीच्या पटाच्या दीड टक्का जागा मिळाल्या. आपल्यातले पालक दोन्ही बाजूंना होते. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने ते ऐकायला नकार दिला. त्या वादात कोण बरोबर, यावर मंडळ मत देणार नाही. पण आपल्या मुलाच्या जागेचा प्रश्न आला की स्कूल बोर्डाच्या उमेदवारांना आपण किती बारकाईने तपासतो, हे सगळ्यांनी पाहिलं आहे. बावड्याच्या मुलांसाठी तेवढीच बारकाई दाखवायला काय हरकत आहे?

आणि कोल्हापूरकरांनी तरी या प्रश्नावर फार गोंधळू नये. शाहू महाराजांचा जन्म बावड्याच्याच लक्ष्मी-विलास राजवाड्यात २६ जून १८७४ ला झाला. १९०१ पासून त्यांनी वसतिगृहं उभारली आणि गुणी मुलांना हात दिला. १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळी मुलं एका वर्गात बसवली. हुशारांना बळ आणि सगळ्यांना दार, ही दोन्ही कामं त्यांनी केली. निम्म्या-निम्म्याचा आमचा निर्णय याच वाटेवरचा आहे. पैसा कमी पडला आणि एकच निवडायची वेळ आली, तर आधी दार उघडं ठेवावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आता थोडं कटू. जे सभासद ग्रुपवर रात्री दोनपर्यंत भांडत होते, त्यांतले फार थोडे त्या संवादाला आले. बावड्याहून लोक रविवारी सकाळी सातला आंघोळी करून कॅमेऱ्यासमोर बसले होते आणि आपल्या बाजूच्या बहुतेक चौकटी रिकाम्या होत्या. निधीवरच्या बैठकीतही तेच झालं. न येता विरोध करायचा आणि निर्णय झाला की कार्यकारिणीला धारेवर धरायचं, हे मंडळाच्या हिताचं नाही.

म्हणून विनंती. शाहू जयंतीचा कार्यक्रम शनिवार, २७ जूनला आहे. त्याच दिवशी शिक्षणनिधीचा हिशेब आणि पुढच्या वर्षाची वाटणी सभासदांसमोर मांडली जाईल. ज्यांना निर्णय बदलायचा आहे त्यांनी लेखी सूचना मेअखेरपर्यंत सचिवांकडे द्याव्यात. वार्षिक वर्गणी ज्यांची बाकी आहे त्यांनी ती त्याआधी भरावी, कारण मतदानाचा हक्क वर्गणीदारांनाच आहे. देणगी मंडळाच्याच खात्यात द्यावी. परदेशी निधी घेण्याची परवानगी असलेल्या संस्थेमार्फतच ती गावी जाईल, कुणी परस्पर पाठवू नये. मुलांना ऑनलाइन गणित आणि इंग्रजी शिकवायला आठवड्यातून एक तास देणारे स्वयंसेवक हवे आहेत. आणि गावी जाल तेव्हा आपापल्या प्रभागाच्या नगरसेवकाला भेटा, तो कुठल्याही गटाचा असो, आणि तुमच्या जुन्या शाळेत यंदा किती मुलं आहेत ते विचारा.

नववर्षाच्या शुभेच्छा. २७ जूनला या, आणि सहकुटुंब या.

कार्यकारिणीच्या वतीने, संपादक