आईच्या शेजारची जागा

मे महिन्याची सुट्टी सरत आली, की म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एक निराळीच लगबग दिसू लागते. मुंबईला, पुण्याला, आखाती देशांत परतणारी आमची माणसे चवरीसाच्या माळा, सोले, मयडेची केळी आणि उरलेसुरले मानकुराद आंबे घेत फिरत असतात. आजीच्या डोळ्यांत पाणी आणि नातवाच्या हातात पिशवी, असे ते दृश्य असते. त्या गर्दीत आमची काही कुटुंबांशी गाठ पडली आणि बोलता बोलता प्रवासाचा विषय निघाला. तेव्हा एक तक्रार इतक्यांदा कानी आली की, ती या सदरात मांडणे आम्हास अगत्याचे वाटते. तक्रार अशी, की विमानाचे स्वस्त तिकीट काढावे, तर आईची जागा एकीकडे आणि लेकराची दुसरीकडे.

एके काळी गोव्याचा माणूस मुंबईला जाई तो आगबोटीने. पणजीहून निघालेली बोट भाऊच्या धक्क्याला लागेपर्यंत सारे कुटुंब डेकवर एकाच चादरीवर पथारी टाकून असे. गैरसोय पुष्कळ होती. परंतु मूल कोठे बसले आहे, याची चिंता आईला नसे. ते तिच्या मांडीवर नाहीतर पायांशी असे. पुढे मोटारी आल्या. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला आणि थिवीचे स्टेशन बार्देशकरांच्या पायाखालचे झाले. त्यानंतर ५ जानेवारी २०२३ पासून पेडणे तालुक्यात मोपा येथील विमानतळावरून विमाने उडू लागली. म्हापशात जन्मलेल्या मनोहर पर्रीकरांचे नाव त्या विमानतळाला दिले आहे. पूर्वी झुवारी ओलांडून दाबोळी गाठावी लागे. आता पेडणे, डिचोली, बार्देश येथील गावांना विमान जणू अंगणात आले. ज्यांनी जन्मात विमान पाहिले नव्हते, अशी कुटुंबेही त्यात बसू लागली. ही गोष्ट आनंदाचीच होय. मात्र नव्या वाहनाबरोबर नव्या अडचणीही येतात, आणि त्या समजून घेतल्यावाचून सुटत नाहीत.

मोपा सुरू झाले त्याच वर्षी उन्हाळ्यात आम्ही मुंबईला निघालो होतो. आमच्या पुढच्या रांगेत एक तरुण आई बसली होती. तिचा नवरा तारवटी. त्याने परदेशातूनच तिकिटे काढून पाठविली होती, आणि दोन पैसे वाचावेत म्हणून जागेचे वेगळे पैसे भरले नव्हते. आई सहाव्या रांगेत, नऊ वर्षांचा मुलगा चौदाव्या रांगेत आणि चार वर्षांची मुलगी थेट एकविसाव्या रांगेत, दोन अनोळखी पुरुषांच्या मध्ये! पोरगी रडू लागली. आई उठून मागे पाहू लागली, तोच विमान हलले आणि तिला खाली बसण्याची सूचना झाली. तिने जागेवरूनच हाक दिली, "भिऊ नको गो बाय, मी इथेच आहे." परंतु पंधरा रांगांपलीकडच्या चार वर्षांच्या जिवाला 'इथेच' म्हणजे कोठे, हे कसे कळावे?

विमान वर स्थिरावल्यावर डिचोलीकडचे एक वृद्ध गृहस्थ आपल्या जागेवरून उठले. पाय पसरता यावेत म्हणून त्यांनी वाटेच्या कडेची जागा पैसे मोजून घेतली होती. "बाय, तू चेडवाला घेऊन इथे बस. माझे काय, तासाभराचा प्रवास," एवढेच बोलून ते मागे गेले. तिघांना एकत्र करण्यासाठी आणखी एका प्रवाशाला उठावे लागले. त्या दोघांच्या भलेपणाने वेळ निभावली. विमान कंपनीचे नाव आम्ही येथे घेत नाही; कारण दोष एका कंपनीचा नसून एका पद्धतीचा आहे, आणि ती पद्धत वाचकांनी समजून घ्यावी, हा आमचा हेतू आहे.

ही पद्धत अशी चालते. स्वस्त विमानसेवेत मूळ भाडे कमी ठेवतात आणि बाकीच्या गोष्टी सुट्या करून विकतात. खाणे वेगळे, जादा सामान वेगळे, तशीच मनाजोगती जागाही वेगळी. सर्वसाधारण विमानात मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन जागा असतात आणि अशा सुमारे तीस रांगा असतात. त्यांतील खिडकीच्या आणि वाटेच्या जागा पैसे भरणारे लोक आधीच घेऊन ठेवतात. उरतात त्या बहुधा मधल्या, आणि त्या साऱ्या विमानभर विखुरलेल्या. ज्यांनी जागा निवडली नाही, त्यांना संगणक उरलेल्यांतून जागा वाटून देतो. त्याच्यापुढे असतात ती नावे आणि वये. कोण कोणाचे बोट धरून चालते, हे त्याला शिकविल्यावाचून उमजत नाही.

या विक्रीच्या पद्धतीत सारेच वाईट आहे, असे आम्ही म्हणणार नाही. ज्याला विमानात जेवायचे नाही, त्याने जेवणाचे पैसे का द्यावेत? भाडे उतरले म्हणूनच आमच्या गावांतील माणसे विमानात बसू शकली, हेही खरे. परंतु विकण्याच्या वस्तूंतही तारतम्य असावे. आई घरून भाकरी बांधून आणू शकते, सामान कमी करू शकते, खिडकीचा हट्ट सोडू शकते. पण चार वर्षांच्या मुलीजवळ न बसण्याची काटकसर ती करू शकत नाही. लेकराजवळ बसणे ही चैन नव्हे, ते तिचे कर्तव्य होय. शिवाय, दोन वर्षांवरील मुलासाठी स्वतंत्र जागा घ्यावीच लागते आणि तिचे भाडेही द्यावे लागते. ते घेतल्यावर आईच्या शेजारासाठी पुन्हा हात पसरणे बरे दिसत नाही.

आणखी एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. साधारणतः पाच ते बारा वर्षांचे मूल एकटे पाठवायचे असेल, तर अनेक कंपन्या त्याची खास व्यवस्था करतात. कागद भरून घेतात, जादा आकार घेतात आणि मूल कर्मचाऱ्याच्या स्वाधीन करून घेतात. म्हणजे लहान मुलाने विमानात एकटे असणे धोक्याचे आहे, हे त्यांना पूर्ण ठाऊक असते. मग आईपासून पंधरा रांगा दूर बसविलेले मूल एकटे नव्हे तर काय?

प्रश्न केवळ रडण्याचा असता, तर आम्ही एवढे लिहिले नसते. प्रत्येक उड्डाणापूर्वी सांगतात, की हवेचा दाब उतरला तर वरून प्राणवायूचे मुखवटे खाली येतील, आधी आपला लावा, मग शेजारच्या मुलाचा. ही सूचना मूल शेजारी आहे असे धरूनच दिलेली असते. तसेच मोठे प्रवासी विमान वापरात आणण्यापूर्वी, निम्मीच दारे वापरून सर्व माणसे ९० सेकंदांत बाहेर पडू शकतात, हे दाखवावे लागते. त्या ९० सेकंदांत सारे दाराकडे धावत असताना, उलट दिशेने आपल्या लेकराकडे धावणारी आई स्वतःही अडकेल आणि मागच्यांचीही वाट अडवील. तेव्हा आई-मूल शेजारी असणे, यात इतर प्रवाशांचेही हित आहे.

समाधानाची गोष्ट अशी की, सरकारने या प्रश्नाची दखल घेतली आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एप्रिल २०२४ मध्ये विमान कंपन्यांना आदेश दिला, की बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना, त्याच पी.एन.आर.वर प्रवास करणाऱ्या आई-वडिलांपैकी किंवा पालकांपैकी निदान एकाच्या जवळ जागा द्यावी आणि तशी नोंद ठेवावी. बाहेरच्या देशांतही हा प्रश्न उठला होता. कॅनडाने डिसेंबर २०१९ पासूनच नियम लागू केला. तेथे पाच वर्षांखालील मूल पालकाच्या अगदी शेजारी बसवावे लागते. पाच ते अकरा वर्षांचे मूल त्याच रांगेत, फार तर एका जागेच्या अंतरावर आणि बारा-तेरा वर्षांचे मूल फार तर एका रांगेच्या अंतरावर असले पाहिजे. त्यासाठी जादा पैसे घेता येत नाहीत.

तथापि नियम झाला म्हणजे काम झाले, असे नव्हे. आपल्याकडील आदेशातील 'त्याच पी.एन.आर.वर' हे शब्द नीट ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. पी.एन.आर. म्हणजे तिकिटावरचा सहा अक्षर-अंकांचा नोंदणी क्रमांक. एकाच वेळी एकत्र काढलेल्या तिकिटांना तो एकच मिळतो. आदेश निघाल्यानंतरची, आमच्या परिचयातील एक हकिकत सांगतो. एक आजी सहा वर्षांच्या नातवाला मुंबईला त्याच्या आईकडे पोहोचविण्यास निघाली. आजीचे तिकीट म्हापशातील धाकट्या मुलाने काढले, नातवाचे त्याच्या आईने मुंबईत बसून काढले. विमान तेच, वेळ तीच. परंतु क्रमांक दोन. संगणकाच्या दृष्टीने ती दोघे परकी ठरली आणि जागा दूर गेल्या. सुदैवाने आजी वेळेच्या बरीच आधी विमानतळावर पोहोचली होती. तिने खिडकीवरील मुलीला शांतपणे सारे समजावून सांगितले. त्या मुलीने दोन्ही क्रमांक जोडून पाहिले आणि जागा शेजारी करून दिल्या. तीच आजी दार बंद होताना धावत आली असती, तर ते घडले नसते.

यावरून आमच्या वाचकांनी काही गोष्टी मनात बांधून ठेवाव्यात. मुलाचे तिकीट ज्याच्याबरोबर ते जाणार त्याच्याबरोबरच, एकाच क्रमांकावर काढावे. दोन पैसे वाचतात म्हणून तिकिटे निरनिराळी काढू नयेत. मुलाचे वय खरे लिहावे. कारण वय चुकले तर यंत्राला मूल दिसणारच नाही. प्रवासापूर्वी घरबसल्या हजेरी लावण्याची सोय असते, ती सुरू होताच लावावी. जागा दूर आल्या, तर कंपनीला फोनवर त्याच दिवशी कळवावे, आणि तरीही न जुळल्यास विमानतळावर लवकर जाऊन नियमाचा उल्लेख करून विनंती करावी. आपल्या आवडीची ठरावीक जागा हवी असेल, तर तिचे पैसे पडतील, हेही समजून असावे. नियम मुलाला पालकाजवळ बसविण्याचा आहे, खिडकी देण्याचा नव्हे. दोन तान्ही मुले असतील, तर त्यांना एकाच बाजूच्या तीन जागांत घेऊन बसता येत नाही. कारण बहुतेक विमानांत तिथे तीन जागांमागे चारच मुखवटे असतात. अशा वेळी वाटेच्या दोन्ही बाजूंच्या जागा मागाव्यात. एवढे करूनही न्याय मिळाला नाही, तर केंद्र सरकारच्या 'एअरसेवा' या तक्रार व्यवस्थेकडे तिकिटाच्या प्रतीसह लिहावे. वाचता-लिहिता येणाऱ्या मुलामुलींनी हे काम शेजारच्या आजीला, काकीला करून द्यावे. ती मोठीच मदत होईल.

आता दोन शब्द सहप्रवाशांविषयी. आपण एकटे असलो आणि कोणी आई अडचणीत दिसली, तर उठण्याने आपले फारसे बिघडत नाही. परंतु पैसे भरून जागा घेतलेल्या माणसाने नाही म्हटले, तर त्याला दूषण देऊ नये. त्याचे गुडघे दुखत असतील, त्याला काही आजार असेल. त्याने सारे सांगितलेच पाहिजे असे नाही. मागणाऱ्यानेही आधी जाऊन दुसऱ्याची जागा बळकावू नये. विचारावे, आणि शक्यतो तशाच किंवा त्याहून बऱ्या जागेची अदलाबदल देऊ करावी. वाटेकडेची जागा घेऊन शेवटच्या रांगेतील मधली जागा हाती ठेवणे, हा सौदा बरा नव्हे.

डिचोलीच्या त्या वृद्ध गृहस्थांची आम्हाला पुष्कळदा आठवण होते. मुंबईला उतरताना त्या आईने त्यांना हात जोडले, तेव्हा ते संकोचले आणि पोरीच्या डोक्यावर हात ठेवून गर्दीत निघून गेले. असा भलेपणा आपल्या गावांत अजून आहे, याचा आम्हाला अभिमान वाटतो. तरीही, ज्या गोष्टीची जबाबदारी भाडे घेणाऱ्याची, ती दर वेळी एखाद्या दुखऱ्या पायाच्या म्हाताऱ्यावर का पडावी? नियम झाला आहे तो याचसाठी. तो आपण जाणून घ्यावा, नम्रपणे पण ठामपणे मागावा आणि शेजाऱ्यालाही सांगावा.

येत्या सुट्टीत जी लेकरे मोप्याहून उडतील, त्यांना ढग पाहताना बोट दाखवायला शेजारी त्यांची आई असो, एवढीच आमची इच्छा.