चेहरा का दिसतो?

फोटोवर नवा लेयर टाकायचा, कडेकडेने रेघ ओढायची, की पंधरा मिनिटांत चेहरा तयार. त्याला व्यक्तिचित्र म्हणायला माझी तयारी नाही. 'टॅब्लेटवर काढतोस म्हणजे कॉम्प्युटरच काढतो', असं म्हणणाऱ्या माझ्या कोर्समेटचंही मला पटत नाही. पेन डिजिटल असलं तरी बघायचं आपल्यालाच असतं.

एनसीसीच्या नेमणुकीवर भिलाईला आल्यापासून आम्ही रुआबांध्यात राहतो. संध्याकाळ मोकळी मिळते, म्हणून चाळिशी उलटल्यावर, कुठल्याही वर्गाला न जाता, हे शिकायला घेतलं. खर्च एका साध्या पेन टॅब्लेटचा. क्रिटा हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं.

कॅडेटांना फील्डक्राफ्टमध्ये 'चीजें क्यों दिखाई देती हैं' हा धडा आपण सगळ्यांनीच कधी ना कधी शिकवलाय. आकार, सावली, बाह्यरेषा, पृष्ठभाग, अंतर, हालचाल. चेहऱ्यालाही हेच लागू. समोरून पाहिलेलं नाक रेषेनं दिसत नाही, सावलीनं दिसतं. दोन डोळ्यांमधलं अंतर साधारण एका डोळ्याएवढं. आणि डोळे असतात डोक्याच्या उंचीच्या मध्यावर. नवशिका मात्र ते हमखास कपाळात चढवतो, कारण केसांखालची कवटी तो धरतच नाही. एनडीएत पॅनोरमा स्केच काढताना हात ताठ करून पेन्सिलीनं टेकडी मोजायचो. तीच पेन्सिल आता भुवईपासून हनुवटीपर्यंत चालते.

यंत्राची मदत मी जरूर घेतो. क्रिटात 'एम' दाबलं की चित्र आरशात पाहिल्यासारखं उलटं दिसतं आणि वाकडा जबडा लगेच पकडला जातो. जुने चित्रकार त्यासाठी खराच आरसा धरत. 'अनडू'ची सवय मात्र वाईट. रेघ मारण्याआधी पाहायचं राहून जातं. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) कलाशाळेत न जाता नाटकांचे पडदे रंगवत तयार झाले. पडद्याला कुठलं आलंय अनडू!

हे सगळं मी इतकं मनावर घेण्याचं कारण वेगळं आहे. आपल्या शहीद जवानांच्या घरी भिंतीवर पुष्कळदा ओळखपत्रासाठी काढलेलाच फोटो मोठा करून लावलेला असतो. समोरून फ्लॅश, त्यामुळे सावल्या पुसलेल्या. हल्ली तो ॲपमध्ये घालून 'सुंदर' करून भेट देतात. एका वीरमातेला दिलेलं तसं चित्र मी पाहिलं. गाल गुळगुळीत, रंग दोन छटा उजळ, भुवईवरचा लहानपणचा व्रण गायब. माउलीनं हार घातला, हात जोडले. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "साहेब, ह्यो जरा दुसराच वाटतोय."

देणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण तो व्रण कसा पडला, हे एकानंही त्यांना विचारलं नव्हतं. निवृत्त मित्रांनो, तुमच्याकडे वेळ आहे आणि त्या पोरांना तुम्ही ओळखत होता. पेन तुम्हीच उचला. घरच्यांकडून चार-पाच वेगवेगळे फोटो मागा, आईला प्रश्न विचारा आणि मग कोऱ्या लेयरवर सुरुवात करा.

मी स्वतः अजून तिथवर पोचलेलो नाही. सध्या शेजारचे, स्टील प्लांटमधून निवृत्त झालेले काका समोर बसतात. वीस मिनिटांत पाचदा चष्मा काढतात आणि प्रत्येक वेळी मान वेगळ्याच कोनात ठेवतात. त्यांचा डावा कान मात्र आता बरा जमतो.