मानधन की वेतन?

‘संगणकावर काम करणाऱ्याला कामगार संघटना कशाला हवी?’ हा प्रश्न आपल्याकडे इतक्या निरागसपणे विचारला जातो, की त्याचे उत्तर विचारणाऱ्याने आधीच गृहीत धरले आहे हे सहसा लक्षात येत नाही. ते गृहीतक असे : संगणक म्हणजे हिंजवडी, हिंजवडी म्हणजे वातानुकूलित कचेरी, आणि तिथे बसणारा माणूस म्हणजे आपल्या श्रमाचा भाव स्वतःच ठरवणारा स्वयंभू व्यावसायिक. हे चित्र खोटे ठरवण्यासाठी पुण्याला जाण्याची गरज नाही. वाशीम जिल्ह्यातल्या एखाद्या ग्रामपंचायतीची पायरी चढली तरी पुरे.

२०११ साली ‘संग्राम’ प्रकल्प आला आणि राज्यभरातल्या ग्रामपंचायतींत संगणक परिचालक बसू लागला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहाही तालुक्यांत तो आज ओळखीचा आहे. जन्ममृत्यूच्या नोंदी, रहिवासी दाखले, कराचे हिशेब, पंचायतीचे एक ते तेहतीस नमुने हे सारे त्याच्या बोटांखालून जाते. २०१७ च्या कर्जमाफीत सोयाबीन उत्पादक शेतकऱ्याला ऑनलाइन अर्ज भरणे सक्तीचे झाले, तेव्हा तो अर्ज भरून देणाऱ्यांत हाच माणूस होता. ‘डिजिटल महाराष्ट्र’ नावाचे जे काही आहे, ते गावात त्याच्याच खुर्चीवर बसलेले असते.

आणि त्याचा मोबदला? २०१६ पासून ‘आपले सरकार सेवा केंद्र’ या नावाने नवी व्यवस्था सुरू झाली. ग्रामपंचायतीने वित्त आयोगाच्या निधीतून दर केंद्रामागे दरमहा १२,३३१ रुपये चालक कंपनीकडे भरायचे. परिचालकाच्या हाती मात्र सहा-सात हजार. २०२४ मध्ये तीन हजारांची वाढ मिळाली, तीही मुंबईचे आझाद मैदान आणि नागपूरचे हिवाळी अधिवेशन यांच्या वाऱ्या वर्षानुवर्षे केल्यानंतर. या रकमेला वेतन म्हणत नाहीत, ‘मानधन’ म्हणतात. आमचा खरा आक्षेप आकड्याइतकाच या शब्दावर आहे. मानधन कीर्तनकाराला देतात, व्याख्यात्याला देतात; तिथे देणाऱ्याची कृतज्ञता असते आणि घेणाऱ्याचा संकोच. रोज सकाळी कुलूप उघडून ठरलेले काम करणाऱ्याला जेव्हा मानधन मिळते, तेव्हा त्या शब्दातला मान हा किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी आणि रजा यांच्या बदल्यात दिलेला असतो. पैसा पंचायतीचा, करार कंपनीचा, हुकूम सरकारचा. मग मालक कोण? तिघेही एकमेकांकडे बोट दाखवतात.

हा शब्दांचा खेळ न्यायालयात टिकतोच असे नाही. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला. त्यांना मिळणारे मानधन हे त्या कायद्याच्या अर्थाने वेतनच ठरले. परंतु तो निकाल आकाशातून पडला नाही. त्यामागे अंगणवाडीतल्या स्त्रियांनी बांधलेल्या संघटना होत्या.

आता हिंजवडीकडे वळू. तिथे मानधन नाही, पण शब्दांची तीच कसरत आहे. कामगाराला ‘असोसिएट’ म्हणायचे, कपातीला ‘पुनर्रचना’, आणि सक्तीने लिहून घेतलेल्या कागदाला ‘राजीनामा’. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे बारा हजार जणांना कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा पुण्यातल्या ‘नाइट्स’ या संघटनेने सरकारदरबारी तक्रार नेली. अनेकांना तेव्हा प्रथमच कळले, की अशी संघटना असू शकते. वस्तुतः १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने ‘तांत्रिक’ काम करणाऱ्याला कामगाराच्या व्याख्येत स्पष्टपणे घेतले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली. तिनेही हा शब्द राखला. मात्र तिनेच स्थायी आदेशांसाठीची कामगारसंख्या तीनशेवर नेली आणि चौदा दिवसांच्या नोटिशीविना संप बेकायदा ठरवला. दार उघडे आहे, उंबरठा उंच केला आहे.

‘गिरणीला एक दरवाजा होता, तिथे सभा घेता येई, गावोगाव एकेकटे बसलेले हे लोक कसे एकत्र येणार?’ असे विचारणाऱ्यांना आम्ही एवढेच सांगू, की ते एकत्र आलेले आहेत. विखुरलेल्या परिचालकांनी संघटना बांधली, कामबंद केले, दाखले थांबले, आणि मंत्र्यांना बोलणी करावी लागली. एकाच इमारतीत शेजारी बसूनही वार्षिक मूल्यांकनाच्या भीतीने परस्परांचा पगार न विचारणाऱ्या अभियंत्यांनी त्यांच्याकडून शिकावे, असे आम्हाला वाटते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या मागण्यांचे निवेदन तयार केले; रविवारची सुट्टी पदरात पडायला १८९० उजाडले. त्या सुट्टीला कोणी मान म्हटले नाही. ती हक्काची होती.

वाशीमची मुले ट्रॅव्हल्सने रात्रभर प्रवास करून पुण्यातल्या कंपन्यांत जातात आणि गावी राहिलेला त्यांचा वर्गमित्र पंचायतीत परिचालक होतो. दोघांच्या पगारात अंतर मोठे आहे, पण दोघांनाही कामगार हे नाव नाकारले गेले आहे. पुण्यातल्या संघटनांनी परिचालकांच्या पंचायत सेवेत समावेशाच्या आणि किमान वेतनाच्या मागणीला आपली मागणी मानावे. जोपर्यंत अभियंता स्वतःला परिचालकापेक्षा वेगळ्या जातीचा समजतो, तोपर्यंत त्याचे ‘असोसिएट’पणही मानधनच आहे.