पोटाच्या आडून स्टिअरिंग

लायसन्स रद्द झालेल्याने गाडी चालवली म्हणून त्याला तुरुंगात टाकणे ही क्रूरता आहे, असे एका विद्वान गृहस्थांनी नुकतेच मांडले. त्याचे पोट गाडीवर आहे, तुरुंग आधीच भरलेत, पोलिसांना नवे कुरण मिळेल. तेव्हा दंड घ्या आणि सोडा!

पोटाचा मुद्दा आधी घेतो, कारण बाकीचे त्याच्याच जोरावर उभे आहेत. परवाना एका झटक्यात जात नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९ नुसार अधिकाऱ्याला आधी चालकाचे म्हणणे ऐकावे लागते, कारणे लेखी द्यावी लागतात, आणि निर्णयावर तीस दिवसांत अपील करता येते. एवढे होऊनही जो पुन्हा स्टिअरिंगवर बसतो, त्याला पोटाची काळजी नियम मोडून गाडी हाकताना का नव्हती? आणि पोट काय फक्त चालकालाच असते? पहाटे रस्ता झाडणाऱ्या बाईला, हातगाडी ढकलणाऱ्याला, रात्री ऊस घेऊन निघालेल्या बैलगाडीवाल्याला नसते? पगारी ड्रायव्हर ठेवण्याची ऐपत असलेलेही इथे रिक्षावाल्याच्या गरिबीमागे लपतात. हेल्मेटसक्तीच्या वादातही हेच पाहिले. आधी मान दुखत होती, मग केस गळत होते, शेवटी गरिबाला हेल्मेट परवडेना. गरिबाला असे पुढे करण्याची मला चीड आहे.

तुरुंगांत गर्दी आहे ती मुख्यतः कच्च्या कैद्यांची. त्यांचे खटले लवकर चालवा. पोलिसांच्या कुरणाचे म्हणाल, तर लाच दंडाच्या पावतीतही चालते.

राहिला दंड. २०१९ च्या दुरुस्तीने परवाना गेल्यावर गाडी चालवण्याबद्दल कलम १८२ खालचा पाचशेचा दंड दहा हजार झाला. कैद मात्र जास्तीत जास्त तीन महिने, तीही न्यायालयाला वाटली तर. कलम २०० प्रमाणे तडजोड शुल्क भरून प्रकरण मिटवताही येते. दारू पिऊन दुसऱ्यांदा सापडलेल्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, पण परवान्यासाठी अपात्र ठरल्यावर पाचव्यांदा गाडी चालवणाऱ्यालाही कमाल शिक्षा तेवढीच, तीन महिने! शिवाय असा चालक सापडणेही कठीण. कॅमेरा नंबरप्लेट टिपतो. गाडीत कोण बसलेय ते नाक्यावर थांबवल्याशिवाय कळत नाही.

म्हणून दुसऱ्यांदा सापडला की तडजोड बंद, कैद अटळ आणि गाडी जप्त, असा बदल कलम १८२ मध्ये करावा. परवाना गेल्याचे ठाऊक असून किल्ली देणाऱ्या मालकावर कलम १८० खाली गुन्हा आजही लावता येतो. तो लावण्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहायची गरज नाही.