उशिरा शिकलेली भाषा



‘आता या वयात नवी भाषा कुठली येणार?’ हा प्रश्न आपण स्वतःलाच विचारतो आणि त्याचे उत्तरही स्वतःच देऊन मोकळे होतो. माझे मत वेगळे आहे. प्रौढपणी शिकलेली भाषा मातृभाषेइतकी सहज येत नाही, हे खरे. परंतु ती अधिक जाणतेपणाने येते.

झुंपा लाहिरी यांचे उदाहरण पाहा. घरी बंगाली आणि शाळेत इंग्रजी अशा दोन भाषांत त्या अमेरिकेत वाढल्या. इंग्रजीतील पहिल्याच कथासंग्रहाला २००० साली पुलित्झर पारितोषिक मिळाले. तरीही इटालियनची ओढ त्यांना स्वस्थ बसू देईना. अनेक वर्षे ती भाषा शिकत राहून २०१२ साली, वयाच्या पंचेचाळिशीत, त्या कुटुंबासह रोमला राहावयास गेल्या आणि इटालियनमध्ये रोजनिशी लिहू लागल्या. पुढे २०१५ साली ‘इन आल्त्रे पारोले’ हे आत्मपर पुस्तक आणि २०१८ साली ‘दोवे मी त्रोवो’ ही कादंबरी त्यांनी थेट इटालियनमध्ये लिहिली.

‘त्यांच्यापाशी सवड होती, साधने होती,’ असा आक्षेप आपण घ्याल. तो रास्त आहे. नोकरी, घर आणि परीक्षा सांभाळणाऱ्या विद्यार्थ्याला रोम परवडत नाही. परंतु सवड आणि साधने चुका टाळून देत नाहीत. मान्यवर लेखिकेलाही नवशिक्याच्या जागी बसावे लागले, अडखळत लिहावे लागले. त्या अडखळण्याची लाज न बाळगणे, एवढे तरी आपल्याला विनामूल्य घेता येते.

या अडखळण्यातून काय मिळते? इटालियनमध्ये विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे बदलते. ‘चांगला मुलगा, चांगली मुलगी’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे परके वाटत नाही. मात्र पुढच्याच पावलाला तो अडतो. आपले ‘पुस्तक’ आणि ‘घर’ दोन्ही नपुंसकलिंगी. इटालियनमध्ये लिंगे दोनच. तेथे पुस्तक, म्हणजे ‘लिब्रो’, पुल्लिंगी, तर घर, म्हणजे ‘कासा’, स्त्रीलिंगी. मग प्रथमच मनात येते : मराठीत घर नपुंसकलिंगी का? ‘ते घर’ असे आपण बालपणापासून म्हणत आलो. त्यामागे काही नियम आहे, हे कधी जाणवलेच नव्हते. परभाषेने आपल्याच भाषेकडे पाहावयास लावले. मराठीच्या अभ्यासकाला याहून मोठा लाभ कोणता?

उच्चारात मातृभाषेची छटा राहील, लिंग चुकेल, शब्द ऐनवेळी आठवणार नाही. तरीही रोज पाच ओळी लिहा आणि चुकलेल्या ओळी खोडून टाकू नका. वर्षभराने त्या पुन्हा वाचा. आपण किती वाट चाललो, हे त्या ओळीच आपल्याला सांगतील.