रेला, रीमिक्स आणि क्रेडिट

'घायल' (१९९०) मधलं 'सोचना क्या' ऐकलंय ना? ती चाल 'लंबाडा'ची. काओमा ग्रुपचा लंबाडा १९८९ मध्ये जगभर गाजला. पण मूळ चाल बोलिव्हियाच्या 'लोस कार्कास' या लोकसंगीत ग्रुपची, १९८१ ची! आपल्याच गाण्यावरचा हक्क त्यांना कोर्टात जाऊन मिळवावा लागला.

आता आपल्याकडे या. भामरागड-एटापल्लीकडची रेला गाणी हल्ली डीजेच्या बीटवर वाजतात. काही जण म्हणतात, संस्कृती बुडाली. मला नाही पटत. झाडीपट्टीच्या नाटकात ऑर्गन वाजतो, त्याला कुणी परका म्हणतं का? उलट बीटमुळे होस्टेलमधली पोरंही गोंडी शब्द गुणगुणतात.

माझी तक्रार वेगळी आहे. रेला एकट्याचं गाणं नाही. एक गट ओळ म्हणतो, दुसरा ती उचलतो, हातात हात घालून फेर चालतो आणि लय पावलांबरोबर थोडी मागे-पुढे होते. कॉम्प्युटर प्रत्येक ठोका सारख्या अंतरावर बसवतो. तेही चालेल, पण मूळ गाणं कुठेतरी ऐकायला मिळायला हवं. आणि फाइलवर बरेचदा नाव असतं फक्त डीजेचं! गाणाऱ्या बायकांचं नाही, गावाचंही नाही.

म्हणून मित्रांनो, गॅदरिंगला रीमिक्स जरूर करा. फक्त गाणाऱ्यांना आधी विचारा, त्यांचं आणि गावाचं नाव लिहा, मूळ रेकॉर्डिंग न कापता जपून ठेवा. बोलिव्हियाचा ग्रुप निदान कोर्टापर्यंत पोचला. भामरागडच्या आजीला तिथे कोण नेणार?